खेळणं आणि खेळवलं जाणं

‘खेळणं’ या क्रियापदाचं प्रयोजक रूप ‘खेळवणं’. आई बाळाला खेळवते तेव्हा त्या शब्दात माया असते. मांजर उंदराला खेळवतं तेव्हा ती नसते. खेळ दोन्हीकडे चालू आहे, पण खेळणाऱ्याच्या हातात नेमकं काय आहे ते बघावं लागतं. व्हिडिओ गेम्सबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक वेळा हे न बघताच. एक बाजू म्हणते, पोरं वाया गेली. दुसरी म्हणते, छे, गेममुळे एकाग्रता वाढते, निर्णयशक्ती सुधारते, शिवाय आता त्यात करिअरही आहे. मला हे भांडण लुटुपुटूचं वाटतं. खेळातून काहीतरी पदरात पडलं पाहिजे यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहेच. पडतं की नाही, एवढाच वाद.

मी सॉफ्टवेअर लिहिते. नियम लिहिणं हेच माझं काम: हे बटण दाबलं तर ते उघडेल, हा आकडा शून्याखाली गेला तर तो मेसेज जाईल. त्यामुळे गेम खेळताना माझं लक्ष कथेपेक्षा आणि चित्रांपेक्षा आधी नियमांकडे जातं. या जगात लाकूड जळेल आणि दगड जळणार नाही, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. या लेखात तीन गेम्सबद्दल लिहायचं आहे आणि प्रश्न एकच आहे. स्क्रीन बंद करून दाराबाहेर पडल्यावर या गेम्समधलं काही आपल्याबरोबर येतं का? माझ्या मते येतं. मात्र जे येतं त्याला विरंगुळा म्हणता येणार नाही. ते जरा गैरसोयीचं आहे.

*

निन्टेंडोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मार्च २०१७ मध्ये आला. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी, निर्माते एइजी आओनुमा. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लिंक नावाचा तरुण शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो, गुहेबाहेर येतो आणि समोर हायरूल नावाचं अख्खं राज्य पसरलेलं असतं. किल्ल्यातल्या दुष्ट शक्तीला हरवायचं आणि राजकन्येला सोडवायचं. कथा एवढीच आहे आणि तीत फारसा दम नाही.

दम आहे तो भिंतीत. आपण लहानपणापासून जे गेम्स खेळलो त्यांत भिंत म्हणजे ‘जग इथे संपलं’. भिंतीमागे झाड दिसायचं, पण ते नुसतं चित्र असायचं. इथे जवळपास कुठल्याही उभ्या गोष्टीवर चढता येतं: कडा, झाड, बुरूज, घराचं छप्पर. आडवं येतं ते दोनच गोष्टींचं बंधन. दम संपला की हात सुटतो आणि पाऊस लागला की पाय घसरतो. पावसाळ्यात सह्याद्रीतला एखादा किल्ला चढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गवत पेटवलं की गरम हवा वर उठते, त्या हवेवर पॅराग्लायडर उघडून आपणही वर जातो. वादळात पाठीवर लोखंडी तलवार असेल तर वीज अंगावर पडते. तीच तलवार काढून शत्रूजवळ फेकली तर वीज तिकडे पडते.

२०१७ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हा गेम बनवणाऱ्यांनी या रचनेला ‘केमिस्ट्री इंजिन’ म्हटलं होतं. आग, पाणी, वारा, वीज आणि वस्तू एकमेकांवर काय परिणाम करतील याचे मोजके नियम लिहायचे आणि ते जगभर सारखे लागू ठेवायचे. प्रत्येक प्रसंगाचं उत्तर आधीच लिहून ठेवायचं नाही. हे वाचायला सोपं वाटतं, पण ज्यानं कधी कोड लिहिला आहे त्याला यातलं धाडस कळेल. आपल्या सिस्टिममध्ये लोक काय करतील हे आपल्यालाच ठाऊक नसणं, आणि तरीही ते चालवून घेणं, हे रोजच्या कामात आम्हाला कुणी करू देत नाही.

मला यातून एक गोष्ट दिसली. नियम थोडे आणि पक्के असले की माणूस मोकळा होतो. नियम पुष्कळ आणि लहरी असले की माणूस प्रत्येक पावलाला परवानगी मागतो. शाळेत, सोसायटीत, ऑफिसात आपण ‘हे केलं तर चालेल का?’ असं विचारत मोठे झालो. या गेममध्ये दहा-बारा तास घालवले की तो प्रश्न गळून पडतो आणि त्या जागी ‘हे केलं तर काय होईल?’ असा प्रश्न येतो. दोन्ही वाक्यांत फरक चारच अक्षरांचा असेल, पण पहिल्यात समोर साहेब असतात आणि दुसऱ्यात समोर जग असतं.

आता नकाशाकडे या. २००७ च्या ‘असॅसिन्स क्रीड’नंतर ओपन वर्ल्ड गेम्समध्ये एक पद्धत रुळली. उंच बुरुजावर चढायचं, की नकाशा चिन्हांनी भरून जातो: इथे खजिना, इथे मोहीम, इथे दुकान. उरलेला खेळ म्हणजे ती चिन्हं एकेक करून संपवणं. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येही बुरूज आहेत. पण वर पोचल्यावर नकाशात मुख्यतः जमिनीचा चढउतार उमटतो, आजूबाजूला काय दडलं आहे ते नाही. तुम्ही तिथे उभं राहून बघायचं, दुर्बिणीतून एखादी विचित्र टेकडी हेरायची आणि तिच्यावर स्वतः खूण करायची. खुणा तुम्ही केलेल्या असतात म्हणून नकाशा तुमचा होतो. या जगातल्या अंतरांचा अंदाज यावा म्हणून फुजिबायाशींनी आपल्या ओळखीच्या क्योतो शहराचा नकाशा हायरूलवर ठेवून पाहिला होता. पायाखालच्या शहरावरून अंतर मोजलेलं आहे, हे चालताना जाणवतं.

आणि हायरूलभर ९०० कोरोक लपलेले आहेत. कोरोक म्हणजे पानाचा मुखवटा घातलेले, लाकडी बाहुल्यांसारखे छोटे वनदेव. ते कुठे आहेत याची यादी गेम देत नाही. दगडांचं एक वर्तुळ दिसतं, त्यात एक जागा रिकामी असते, जवळपास एक सुटा दगड पडलेला असतो. तो उचलून रिकाम्या जागी ठेवला की कोरोक ‘याहाहा’ करत बाहेर येतो. एखाद्या सुळक्याच्या टोकावर उगाच एकच धोंडा असतो. तो उचलला की खाली कोरोक. काही दिवसांत डोळ्यांना सवय लागते. दृश्यात काहीतरी जरासं खटकतं आणि पाय तिकडे वळतात.

समजा कुणी चिकाटीनं ९०० च्या ९०० कोरोक शोधले. शेवटी बक्षीस काय मिळतं? एक सोनेरी शी. अक्षरशः तशा आकाराची वस्तू, वर तिला वास येतो असं तिच्या वर्णनात लिहिलेलं. गेम बनवणाऱ्यांनी पूर्ण गंभीरपणे केलेली ही थट्टा मला फार महत्त्वाची वाटते. गाईड उघडून, नकाशावरच्या खुणा बघत, एकेक बिंदू खोडत जो ९०० पर्यंत गेला त्याला ते सांगतात: बघण्यात मजा होती, मोजण्यात नव्हती. अर्थात मोजायची सोयही त्यांनीच करून ठेवली आहे, हेही नोंदवायला हवं. याच गेममध्ये १२० बंदिस्त मंदिरं आहेत. त्यांच्या आतल्या भिंतींवर चढता येत नाही आणि बऱ्याच ठिकाणी एक ठरलेलं उत्तर शोधायचं असतं. इतक्या मोकळ्या गेमलाही थोडी शाळा ठेवाविशी वाटलीच.

*

ही नजर मात्र जपानहून आयात करावी लागेल असं काही नाही. ‘डोंगर का पाणी’ आठवतो का? ज्याच्यावर राज्य, त्यानं दोन्हींतलं एक मागायचं. त्यानं पाणी मागितलं की सपाट जमीन त्याची. बाकीच्यांनी डोंगरावर राहायचं आणि मधूनच पाण्यात पाय बुडवून त्याला चिडवायचं. डोंगर म्हणजे काय, तर जिन्याची पायरी, ओटा, गटाराचं झाकण, तुळशीचा कट्टा, कुणाच्या तरी स्कूटरचा फूटबोर्ड. मोठ्यांना जिथे पार्किंग दिसायचं तिथे आपल्याला डोंगररांग दिसायची. चार इंचांचा चढउतारही सुटायचा नाही, कारण त्यावर आउट होणं अवलंबून होतं.

शिगेरू मियामोतो यांचा जन्म १९५२ चा, क्योतोच्या वायव्येकडच्या सोनोबे गावातला. लहानपणी ते आजूबाजूच्या टेकड्यांवर भटकायचे. एकदा त्यांना गुहा सापडली आणि पुढे कंदील घेऊन ते तिच्यात शिरले. १९८६ साली आलेल्या पहिल्या ‘झेल्डा’मागे या भटकंतीची आठवण होती, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे ही नजर मुळात टेकडीवरून स्क्रीनवर गेलेली आहे. ती परत टेकडीवर नेली तर आपण काही वेगळं करत नाही, उसनं घेतलेलं परत करतो.

पुण्यात किंवा ठाण्यात राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या दिवसात हे कसं दिसतं? फार भव्य काही नाही. मॅप सांगतो तो सर्वांत जवळचा रस्ता सोडून, दोन इमारतींमधून झाड डोकावतंय म्हणून तिकडे वळणं. ‘इथे एवढ्या उंचीवर दार का आहे?’ असा प्रश्न पडणं आणि मग कळणं की तिथे कधीकाळी जिना होता. शहरात कोरोक नसतात हे खरं. पण वर्तुळातला सुटा दगड पुष्कळ ठिकाणी असतो. तो दिसण्यासाठी पोचायची घाई थोडी कमी लागते.

*

दुसरा गेम केइता ताकाहाशींचा. ताकाहाशी शिल्पकला शिकलेले. त्यांचा ‘कातामारी दामासी’ २००४ मध्ये नामको कंपनीनं प्लेस्टेशन २ साठी काढला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये संग्रहासाठी पहिले १४ गेम्स निवडले, त्यांत तो होता. कथा अशी: विश्वाच्या राजानं आपल्या विचित्रपणात आकाशातले सगळे तारे फोडून टाकले आणि आता त्याच्या चिमुकल्या राजपुत्राला ते परत बनवायचे आहेत. त्यासाठी त्याच्याकडे एक चिकट गोळा आहे. गोळा लोटायचा, त्याला वस्तू चिकटत जातात, गोळा मोठा होतो, की झाला तारा.

पहिल्या लेव्हलला गोळा पाच सेंटिमीटरचा असतो. टाचण्या, खोडरबर, नाणी चिकटतात; पुस्तक मात्र डोंगरासारखं आडवं येतं. पुढे गोळा वाढतो आणि मघाशी ज्या मांजरानं आपल्याला उडवून लावलं तेच मांजर गोळ्याला चिकटून म्याव करतं. मग सायकली, माणसं, झाडं, इमारती आणि शेवटी ढग. संपूर्ण गेममध्ये करण्यासारखी गोष्ट एकच: लोटणं. तरी प्रत्येक मिनिटाला तीच खोली वेगळी दिसते, कारण आपला आकार बदललेला असतो.

या गेमची एक वाईट सवय लागते. खेळून उठल्यावर टेबलाकडे बघताना मनात येतं: आधी पेनाचं टोपण, मग चार्जर, मग कप, मग लॅपटॉप. वस्तू त्यांच्या उपयोगातून सुटतात आणि नुसत्या आकार, वजन, रंग म्हणून समोर येतात. कपाला कान का असतो, हे पुन्हा नव्यानं दिसतं. त्याच वेळी घरात किती सामान आहे हेही दिसतं आणि जरा ओशाळल्यासारखं होतं. गेम उपदेश करत नाही. पण इतक्या आनंदानं सगळं गोळा केल्यावर त्या गोळ्याचं काय करायचं, तर आकाशात फेकून द्यायचं, ही त्यातली गंमत खरेदीच्या सेलमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला टोचायला हरकत नाही.

तिसरा गेम आपल्या कामाच्या दिवसाला जास्त जवळचा आहे. ‘अनटायटल्ड गूस गेम’, मेलबर्नच्या ‘हाउस हाउस’ या चौघांच्या स्टुडिओनं बनवलेला, सप्टेंबर २०१९ चा. तुम्ही एक बदक आहात (खरं तर हंसाच्या जातीचा मोठा पांढरा पक्षी, पण स्वभाव बदकाचा). इंग्लंडमधलं वाटावं असं टुमदार गाव आहे, सकाळची वेळ आहे, लोक आपापली कामं नीटनेटकी करत आहेत. तुम्ही ती बिघडवायची. कुणाला मारायचं नाही, कुणी मरत नाही. माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, त्याला भिजवायचं, दाताळं तळ्यात टाकायचं.

या गेममध्ये बदकाला कामांची यादी असते. आपल्या टास्क बोर्डासारखी, एकेक काम झालं की त्यावर रेघ. ‘पिकनिक करा’ हे एक काम आहे आणि त्यासाठी सँडविच, सफरचंद, भोपळा, थर्मॉस अशा वस्तू चोरून एका सतरंजीवर नेऊन ठेवायच्या असतात. ज्या भाषेत मला रोज सकाळच्या मीटिंगमध्ये ‘काल काय केलं, आज काय करणार’ सांगावं लागतं त्याच भाषेत इथे खोडी लिहिलेली आहे. खोडीचं विडंबन होत नाही, विडंबन होतं ते यादीचं. आणि कंट्रोलरवर दोन बटणं अशी आहेत: एक ओरडायचं, एक पंख फडफडवायचं. ओरडण्याचा थोडाफार उपयोग आहे, लोक दचकतात. फडफडण्याचा जवळपास काहीच नाही. तरी प्रत्येक जण पंख फडफडवतो. कोडमध्ये असं बटण ठेवायचा प्रस्ताव मी मांडला तर पहिला प्रश्न येईल, ‘याचा यूज केस काय?’ मला वाटतं, स्वातंत्र्य मोजायची ही एक बरी पट्टी आहे: आपल्या दिवसात काहीच यूज केस नसलेली किती बटणं शिल्लक आहेत?

*

इथे कुणी म्हणेल, तुम्हाला मोकळेपणा हवा असेल तर नियम सगळेच काढून टाका. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ मध्ये ‘द ग्रासहॉपर’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात याचं उत्तर दिलं. त्याचा मुद्दा माझ्या शब्दांत असा: खेळ म्हणजे आपणहून, गरज नसताना, अडथळा पत्करणं. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्यात घालायचा असेल तर हातानं नेऊन टाकणं सगळ्यांत सोपं. तसं केलं तर काम होतं, खेळ होत नाही. खेळणारा मुद्दाम लांबचा रस्ता धरतो, कारण त्या रस्त्याशिवाय खेळच उरत नाही.

गेमर्स हे फार पुढे घेऊन गेले आहेत. पोकेमॉनच्या खेळाडूंमध्ये ‘नझलॉक’ नावाची पद्धत आहे. २०१० मध्ये एका वेबकॉमिकमधून ती पसरली. कंपनीनं हे नियम केलेले नाहीत, ते खेळणाऱ्यांनीच स्वतःवर घालून घेतले: प्रत्येक प्रदेशात पहिला भेटेल तोच पोकेमॉन पकडायचा, आणि एखादा लढाईत बेशुद्ध पडला तर तो मेला असं समजून सोडून द्यायचा. लहान मुलांसाठीचा सोपा गेम एकदम जीव टांगणीला लावतो. सॉफ्टवेअरमधली एक ओळही बदललेली नसते.

आपण गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा हेच करत होतो. काकूंच्या बाल्कनीत बॉल गेला तर आउट, आणि आणायला ज्यानं मारला त्यानंच जायचं. भिंतीला थेट लागला तर दोन. एक टप्पा, एक हात, आउट. प्रत्येक गल्लीची घटना वेगळी, तिथल्या भिंतींवरून, गाड्यांवरून आणि काकूंच्या रागावरून तयार झालेली. त्यातला सगळ्यांत सुंदर नियम ‘कच्चा लिंबू’. कुणाचा तरी धाकटा भाऊ किंवा बहीण खेळायला मागे लागली की तिला हाकलायचं नाही. तिला कच्चा लिंबू करायचं: ती धावेल, बॅटिंग करेल, पण आउट होणार नाही. स्पर्धा बिघडू न देता एक माणूस आत घ्यायची ही युक्ती आठ-दहा वर्षांच्या पोरांना सुचलेली आहे. मोठेपणी कमिट्या बसवूनही आपल्याला अशी सुचत नाही.

यातून मला जे म्हणायचं आहे ते आता सरळ म्हणते. चांगला खेळ आपल्याला हे अंगवळणी पाडतो की नियम केलेले असतात. कुणीतरी केलेले, कशासाठी तरी केलेले, आणि म्हणून बदलता येण्यासारखे. शाळेत आपल्याला नियम पाळायला किंवा मोडायला शिकवतात. करायला फक्त खेळ शिकवतो.

*

हे लक्षात घेतलं की उलट बाजू स्पष्ट दिसते. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत खेळाचं वरचं साल काढून सगळ्या गोष्टींवर चिकटवलं गेलं: गुण, बॅज, लेव्हल, लीडरबोर्ड, स्ट्रीक. २००९ मध्ये आलेल्या फोरस्क्वेअरवर चहाच्या दुकानात हजेरी लावून लोक तिथले ‘मेयर’ होत. आज पाणी पिण्यावर, चालण्यावर, झोपेवर, पुस्तकं वाचण्यावर गुण आहेत. हे खेळासारखं दिसतं, पण यात नियम करायचा अधिकार एकाच बाजूला आहे. गुण कशाचे आणि किती, हे तुम्ही ठरवत नाही. लांबचा रस्ता धरायची मुभा नाही. इथे आपण खेळत नसतो, खेळवले जात असतो.

२०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं उबरबद्दल सविस्तर लिहिलं होतं. ड्रायव्हर ॲप बंद करायला गेला की त्याला सांगितलं जायचं, अमुक कमाईच्या आकड्यापासून तुम्ही एवढेच दूर आहात, आत्ता थांबायचं का? आकडा कशावरून ठरवला याला अर्थ नव्हता. तो नेहमी थोडासा पुढे असे. गेममध्ये ‘अजून एकच लेव्हल’ म्हणत जागणाऱ्या माणसाची ओढ घेऊन ती कुणाच्या तरी पोटापाण्याला जुंपली होती.

लहानपणी आपल्याकडे यावर एक शब्द होता: ‘टाइमप्लीज’. बुटाची नाडी सुटली, दम लागला, आईनं हाक मारली, की टाइमप्लीज म्हणायचं आणि तेवढ्यापुरता खेळ थांबायचा. कुणी कारण विचारत नसे. आता ड्युओलिंगो बघा. एक दिवस चुकला की स्ट्रीक तुटते. ती तुटू नये म्हणून ‘स्ट्रीक फ्रीझ’ मिळतो, तो ॲपमधली रत्नं खर्चून घ्यायचा. टाइमप्लीज विकायला ठेवलेला आहे. आणि ज्यांना आपण बिनदिक्कत गेम म्हणतो त्यांतही हे आहेच. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’त पाच जीव संपले की थांबा, नाहीतर पैसे भरा. त्यामुळे गेम चांगले आणि ॲप्स वाईट अशी वाटणी मला करायची नाही. समोर जे आहे त्यात टाइमप्लीज म्हणता येतं का, एवढं विचारलं तरी पुरे.

*

एक आक्षेप मी स्वतःलाच घेते, कारण तो टाळून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. वाट वाकडी करून भटकणं, कट्ट्यावर उगाच बसणं, ‘हे केलं तर काय होईल’ असं म्हणून बघणं, हे कुणाला परवडतं? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बायका सार्वजनिक जागी कशा वावरतात याचा त्यांनी अभ्यास केला होता. बाई रस्त्यावर दिसते तेव्हा ती कुठेतरी निघालेली असते, किंवा निघाल्यासारखं दाखवत असते: हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई. काहीही कारण नसताना नुसतं रेंगाळणं हा हक्क म्हणून मागायला हवा, असं त्या म्हणतात.

बदकाला ती चिंता नाही. लिंकला हायरूलमध्ये रात्री सांगाडे भेटतात, पण ‘एकटी कुठे निघालीस?’ असं कुणी विचारत नाही. मला विचारतात. वॉचमन, रिक्षावाला, लिफ्टमधले काका, आणि काळजीपोटी आईसुद्धा. सफाई कामगाराला एखाद्या बंगल्यांच्या कॉलनीत उगाच भटकता येईल का? डिलिव्हरी देणाऱ्या मुलाला कित्येक सोसायट्यांमध्ये लिफ्टही वेगळी असते. तेव्हा गेम खेळा आणि मोकळे व्हा, असं मी म्हणणार नाही. नजर बदलली म्हणून फाटक उघडत नाही.

पण इथेच त्या गैरसोयीच्या गोष्टीचा उपयोग होतो. गेमर्समध्ये ‘अदृश्य भिंत’ असा शब्द आहे. समोर मोकळं मैदान दिसतं, पण पात्र एका जागी जाऊन हवेवर आपटतं, कारण डिझायनरनं तिथे सीमा आखलेली असते. अशी भिंत लागली की खेळणारा चिडतो. तो ‘मी नीट चाललो नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, हे डिझाइन वाईट आहे. हा राग शहरात घेऊन यावा. रात्री साडेदहाला समोरच्या बागेत जाऊन बसता येत नाही, तेव्हा ‘मी कशाला गेले’ असं स्वतःला बोलण्याऐवजी ‘ही भिंत इथे कुणी ठेवली?’ असं विचारावं. ‘व्हाय लॉयटर?’मुळे मुलींचे गट रात्री मुंबईच्या रस्त्यांवर मुद्दाम, काही काम नसताना फिरायला बाहेर पडले. सूट्सच्या व्याख्येत हे चपखल बसतं: गरज नसताना आपणहून धरलेला लांबचा रस्ता. तो खेळ होता आणि मागणीही होती.

*

ब्रेथ ऑफ द वाइल्ड, कातामारी आणि ते बदक यांनी मला हायरूलचा रस्ता, ताऱ्याची कृती किंवा गावाचे शाप यांपलीकडे काय दिलं, तर काही छोटे नियम, जे मी स्वतःवर घालून घेतले आहेत. आठवड्यातून एकदा घरी जाताना मॅप बंद. ज्या रस्त्यावर वळायचं कारण सांगता येणार नाही त्यावर एकदा तरी वळायचं. दिवसाउजेडी एकटीनं, रात्री मैत्रिणींबरोबर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पोरांच्या बॉलवर बंदीचा विषय निघाला की विचारायचं, हा नियम कुणी, कशासाठी केला, आणि पोरांना विचारून दुसरा करता येईल का. पावलं मोजणारं घड्याळ हातात आहेच, पण फिरायला जाताना ते काढून ठेवायचं. चुकलं तर स्ट्रीक तुटत नाही, कारण कुणी मोजत नाहीये.

हे नियम फारसे भारी नाहीत. तुम्हाला याहून चांगले सुचतील. सुचले तर आपल्या गल्लीत चालवून बघा, जमले नाहीत तर बदला, आणि कुणी धाकटं मागे लागलं तर त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्या.